टाका

हुपरीत माझ्या हाताखालनं
वर्षाला किती पैंजणं जातात, मोजलं न्हाई.
कडीत कडी घालतो,
टाकणखार लावतो,
फुकणीनं ज्योत वाकवतो.
टाका वितळला की दोन तोंडं एक.
मजुरी किलोवर.
जोडणारी म्हणायला पायजे मला,
खरं गल्लीत माझं नाव
टाकलेली.

बाळगोंडा गेला त्याला सात वर्षं झाली.
भांडण न्हाई, मारझोड न्हाई.
जरा जाऊन येतो म्हणाला,
इचलकरंजीत दुसरं दार धरलं.
जाताना चार्जर तेवढा न्हेला.
मागं त्याची आई, माझी पोरगी,
आणि रेशनकार्डावर त्याचं नाव,
अजून पहिल्या ओळीत.

भाऊ म्हणाला, सोडचिठ्ठी घे, मग बघू.
दीर म्हणाला, पन्नास हजार एकरकमी, सही कर,
विषय मिटला.
गल्लीतली चार माणसं म्हणाली,
आधी नातं मोड, मग पैशाचं बोल.
सगळ्यांच्या बोलण्यात एकच वाट,
आणि ती माझ्या सहीवरनं जात होती.

गंगावेशीत माडीवर वकीलबाई.
पंखा करकरत होता.
विचारलं, मोडल्याबिगर पोटगी मिळते?
म्हणाली, नातं आहे म्हणूनच तर मागायची.
त्यानं टाकलं. तुम्ही सोडलं नाही.
कलमाचा आकडा मध्ये बदललाय,
पोट तेच आहे.

पोटगी.
परतीच्या एस्टीत शब्द तोंडात फिरवून बघितला.
आजवर भीक ऐकू यायची त्यात.
त्या दिवशी नुसतं पोट ऐकू आलं,
आणि पोरीला वह्या घ्यायच्या होत्या ते आठवलं.

अर्जात बाईनं लिहिलं,
'अर्जदार चांदीचे जोडकाम करते.'
मी म्हणालो, मी करतो.
हसली. कोर्टात तेवढं 'करते' म्हणा, शालनताई,
साहेब नागपूरकडचे, गोंधळतील.
तीन तारखा सांभाळून 'करते' म्हणालो.

चौथ्या तारखेला त्याचा वकील उठला.
हिच्या हातात रोज किलो-किलो चांदी असते, साहेब.
व्हय, असते.
सकाळी वजन करून घेतो,
सांजंला वजन करून देतो.
घट आली तर माझ्या मजुरीतनं जाते.
माझं म्हणाल तर
बोटावरचं हे भाजल्यालं तेवढं माझं.

मग बाळगोंडा बोलला, सात वर्षांनी,
माझ्याकडं न बघता.
नांदायला यावं तिनं, मी ठेवतो.
साहेबांनी विचारलं, जाणार का?
म्हणालो, त्या दारात तिचं लुगडं वाळतंय,
माझं कुठं घालू?

घटस्फोट हवा आहे का तुम्हाला?
न्हाई साहेब.
मी कुठं गेलोय?
मी हुपरीतच हाय. गेलाय त्यो.

टाइप करणारा 'गेलोय'वर थांबला,
वर बघितलं.
वकीलबाईनं डोळं मिटलं.
साहेब म्हणाले, त्या म्हणाल्या तसंच लिहा.

महिन्याला चार हजार, पोरीचे दोन निराळे,
अर्ज घातल्या तारखेपासनं.
बावड्याच्या स्टॉपवर उभं राहून
कागद तीनदा वाचला.
कुठंच टाकलेली लिहिलं नव्हतं.
'पत्नी' होतं, सगळीकडं.
त्याचं काय करायचं ते अजून ठरलं न्हाई.

पैसे काय वेळेवर येत न्हाईत.
पहिला महिना आला, दुसरा बुडाला,
तिसऱ्याला वॉरंट काढलं तवा दोन्ही आले.
त्यातनं म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या आणतो.
ती विचारते, किती दिलं माझ्या लेकानं?
सांगतो.
बोटांवर मोजते, परत मोजते,
म्हणते, शालन, एक महिना कमी हाय.
जा, वॉरंट काढ.