उलटं केपे

चेंडू गोल नव्हता, गोंधळ तिथूनच सुरू.
तारवटी काशियान मिनेझिस सतरा वर्षं बोटीवर चादरी धुऊन
केपेला परतला, तेव्हा ट्रंकेत दोन ब्लँकेटं, एक रेडिओ
आणि हा : न सोललेल्या नारळासारखा.
बायकोने एकदा खरंच कोयता उचलला होता त्याच्यावर.

कॉलेजात तो पाण्याचा पंप चालवायचा.
टाकी भरेपर्यंत काय करायचं,
म्हणून त्याने आम्हाला गोळा केलं,
फुटबॉलच्या यादीत ज्यांची नावं लागली नाहीत ते :
फटू वेळीप, दाराएवढा, दुसऱ्या वर्षाला तिसऱ्यांदा,
सिप्रू, वाऱ्याचा, पण पायात चेंडू आला की अडखळणारा,
उल्हास प्रभुदेसाई, चष्मा सुतळीने मागे बांधलेला,
असे तेरा. त्यात मी.

'चार खेपा,' काशियान बोटं दाखवायचा,
'चार खेपांत धा यार्ड.
पड. पूण फुडें पड.'

दहा यार्ड मोजायला विहिरीचा दोर.
सकाळच्या दवात तो आखडायचा,
दुपारपर्यंत वाळून पुन्हा लांब.
म्हणून घरचे सामने आम्ही सकाळी ठेवायचो.
हे कोणाला सांगितलं नव्हतं.

हेल्मेटं मोटरसायकल पायलटांची,
स्टँडवरून उसनी, पाचच्या बसआधी परत करायची.
खांद्यांवर रुझारीनने गोणपाटात शिवून दिलेला काथ्या :
घाम आला की अख्ख्या संघाला
ओल्या सुंभाचा वास.
मैदान म्हणजे कुशावतीकाठचं कापणी झालेलं शेत,
पडलं की भाताचे सड कोपरात.

फोंडा हरलं, अर्धा वेळ पंच
नियमांची झेरॉक्स वाचत होता.
मडगाव हरलं.
म्हापशाकडे खरी हेल्मेटं होती, जाळीची,
ते एका गुणाने हरले आणि जेवायला थांबले नाहीत.
सहावा सामना जिंकलो तेव्हा पेपरात आलो, पान चार,
विहिरीत पडलेल्या म्हशीच्या खाली,
'केपेच्या विद्यार्थ्यांचे सुयश'.
खेळाचं नाव रग्बी छापलं होतं.

मी सेंटर.
म्हणजे वाकायचं, चेंडू दोन पायांमधून मागे सोडायचा
आणि समोरच्याची छाती आपल्या छातीवर घ्यायची.
त्यानंतर चेंडू कुठे गेला ते मला
ओरड्यावरून कळायचं.
सबंध मोसमात मी तो घेऊन एक पाऊल पळालो नाही.
आई विचारायची, तू नक्की खेळतोस ना?

सातवा, शेवटचा, वास्कोशी.
त्यांची बस सावर्ड्याला बंद पडली,
ते पोचले अडीचला. दोर खडखडीत वाळलेला.
तिसऱ्या खेपेनंतर पंचाने तो ताणला :
चार बोटं कमी.
सकाळी असतो तर पोचलो असतो.
काशियान काहीच बोलला नाही, पंपाच्या खोलीकडे
पाठ करून उभा राहिला.

चौथी खेप.
मी वाकलो आणि पायांमधून दिसलं केपे, उलटं.
खाली आभाळ, वर भाताचे सड,
उल्हासचे थरथरणारे हात,
त्यांच्यामागे वटवाघळासारखा जमिनीला लटकलेला काशियान,
आणि टाकी :
पंप बंद करायचं तो विसरला होता,
पाणी काठावरून उसळून वर वर पडत होतं,
आभाळापासून दूर,
भरदुपारी, चकाकत, कोणाचंही लक्ष नसताना.

मी चेंडू सोडला.
मग एक रुंद छाती, सुंभाचा वास, तोंडात माती.
मग ओरडा.
ओरडा आमच्या बाजूचा होता.

ढाल प्राचार्यांच्या खोलीत लागली.
काशियानच्या पगारातून वाया गेलेल्या पाण्याचे
पासष्ट रुपये कापले, त्याच आठवड्यात.
आम्ही वर्गणी काढली, त्याने घेतली नाही,
म्हणाला, खावया.

पण ते नंतर. त्या दिवशी, सामना संपल्या संपल्या,
उडप्याकडे सव्वीस पाव, सहा पातळभाज्या उधारीवर,
फटूच्या डोक्यातून हेल्मेट निघेना, तसाच जेवत होता.
दाराशी पायलट उभा, एक डोळा घड्याळावर,
आणि पुलापलीकडे पाचच्या बसचा हॉर्न.