गुरुवारचा टॉवेल

टॉवेल ओला होता, पण त्याला क्लोरीनचा वास नव्हता.
वॉशिंग मशीनच्या तोंडाशी उकिडवी बसून
मी तो पुन्हा नाकाशी नेला.
साधं नळाचं पाणी
आणि हात धुण्याच्या साबणाचा
तो गुलाबी, सार्वजनिक वास.

म्हणजे किती गुरुवार?

ओजस चौदाचा. पाठीवर पोहायचा तो,
छताकडे बघत, कानांत पाणी भरू देत.
म्हणायचा, तिथे कुणाचंच काही ऐकू येत नाही, आई.
हार्टलपूलला आलो त्या वर्षी समुद्रात पाय बुडवला
आणि गारठ्याने किंचाळला.
तेव्हापासून हा बंदिस्त पूल,
गुरुवारी, शाळा सुटल्यावर.

आता तो शॉवरखाली चाळीस मिनिटं असतो.
गरम पाणी संपतं, तरी असतो.
कोपरांची सालपटं निघालीत घासून घासून.
रविवारी दुपारी तीनला उठतो.
शर्वीने पेन्सिल मागितली तर दार आपटतो,
बिजागरीचा एक स्क्रू केव्हाच गळून पडलाय.
शाळेतून पत्र आलं, वर्तनात सुधारणा अपेक्षित.
एका मुलाला त्याने लॉकरवर ढकललं
त्याची अचूक वेळ होती त्यात,
अकरा वाजून दहा मिनिटं.
अकरा वाजून नऊ मिनिटांचं काहीच नव्हतं.

मी विचारलं नाही.
टॉवेल रेडिएटरवर पसरला
आणि त्याच्याकडे पाठ ठेवूनच सांगितलं,
आमच्या वॉर्डातला एक म्हातारा, बेड अकरा,
म्हणाला, ही नको. दुसरी पाठवा.
मी त्याची सलाईन काढणार होते फक्त.

"मग तू काय केलंस?"
हसले. बेड बाराकडे गेले.
"हसलीस?"
भाजीवरचं झाकण थडथडत होतं, ते कुणीच उचललं नाही.
"म्हणजे तूही टॉवेल भिजवतेस."

मग तुकड्यातुकड्यांनी आलं.
तो उतरला की चार-पाच जण भराभर शिडी चढायचे,
नाकं दाबून, खिदळत.
रंग उतरतोय बघा याचा, एकजण ओरडायचा.
लाइफगार्ड घड्याळाकडे बघायचा.
असं तीनदा.
चौथ्या गुरुवारी बसस्टेशनच्या संडासात
नळाखाली टॉवेल धरून उभा राहिला हा,
चड्डीही भिजवली, नीट गुंडाळली.
"तुला वाटायला नको होतं, मी घाबरलो."

पाणी आपल्यामुळे खराब होतं
असं समोरच्याला वाटतं,
त्याला काही शब्द आहे का, त्याने विचारलं.
त्याच्या इंग्रजीत त्याला सापडत नव्हता.
माझ्याकडे होता.
बाटणं.
जिभेवर आला, आणि मी गिळला.

कारण मला तो काठावरून माहीत होता, पाण्यातून नव्हे.
आजोळी, गोठ्याच्या कोनाड्यात
एक कप उपडा असायचा, कान तुटलेला,
धुरपदाचा.
मी नऊ वर्षांची. वरून चहा ओतायचे,
कपाला भांडं लागणार नाही एवढ्या उंचीवरून,
थेंब न सांडता.
मामीला फार कौतुक होतं माझ्या हाताचं.
हाच हात. पहिल्या टोचणीत शीर सापडते याला,
वॉर्डात नाव आहे त्याचं.
धुरपदाला एक मुलगा होता, ओजसएवढा.
कुंपणापाशी उभा राहून दगड मारायचा आमच्या चिंचेला,
आणि आम्ही म्हणायचो, केवढा हा माजोरी.

सांगेन त्याला. तो दार आपटेल.
आपटू दे.

रात्री दीडला पुन्हा पाण्याचा आवाज.
मी बाथरूमच्या दाराशी फरशीवर बसले.
बऱ्याच वेळाने आतून, "तू आहेस का तिथे?"
आहे.
पाणी चालूच राहिलं.

आज बुधवार.
टॉवेल रेडिएटरवर वाळून कडक झालाय,
पाठ ताठ केलेल्या माणसासारखा.
त्याची घडी मी घातलेली नाही.