काळ्या पिशव्या येण्याआधी

एफी स्नुक गेली, तेव्हा तिची मुलं टोरांटोहून आली
दोन दिवसांच्या रजेवर.
पहिला दिवस चर्चमध्ये गेला,
दुसरा पिशव्यांमध्ये.
मोठ्या, काळ्या, तोंडाला लाल दोरी.
मी कचराडेपोवर पोचले तेव्हा
समुद्रपक्षी तिच्या निळ्या लोकरीवर बसले होते
आणि तिची चौकट,
जिच्यावर आम्ही दोघींनी चाळीस हिवाळे गोणपाट ताणलं,
खाली डोकं वर पाय.
ती मी एकटीने घरी ओढत आणली. वय तेव्हा एकोणऐंशी.
रस्त्यात कुणी काही विचारलं नाही. धुकं होतं.

म्हणून, लोरेन, अल्बर्टातून निघशील तेव्हा
आधी हे वाच. विमानातच वाच.

गँडरहून वकील आला होता. बरा मुलगा.
घर, म्हणाला. होडी. बँकेतलं.
मी म्हटलं, आणि चिंध्या?
त्याने पेन टेकवलं, मग उचललं.
असा रकानाच नव्हता त्याच्या कागदात.
तर हा माझा कागद,
विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर.

जिन्याखालच्या पेटीत काहीही रंगाप्रमाणे लावलेलं नाही.
माणसांप्रमाणे आहे.
करडं सगळं एझराचं, त्याच्या हिवाळी तुमानी,
ज्या त्याने हयातीत दोरीवर वाळत घालू दिल्या नाहीत.
आता पाद्रीबाईंच्या दारात त्यांचे खडक झालेत
आणि येणारा-जाणारा त्यांवर पाय पुसतो.
हसू आलं तर हास. मी हसले होते.
हिरवा मिस पेनीचा कोट. एक बाही उरली आहे.
त्याच बाहीतल्या हाताने तिने मला पट्ट्या मारल्या,
दुसऱ्या बाहीचं मी गवत केलं.
पिवळं थोडंसंच आहे, लहान मोज्याएवढं.
त्याला मी कधी कात्री लावली नाही.
ते माझ्याबरोबर पाठव, खिशात घालून.
आणि कुणाचं म्हणून विचारत बसू नकोस गावात.

बायकांचे जुने रेशमी मोजे, कांद्याच्या सालांत रंगवलेले,
बिस्किटांच्या तीन डब्यांत आहेत.
ते मंडळाच्या बायकांना दे. भांडतील.
भांडू दे.

राहिला आकडा.
माझ्या बापाने होडीचा खिळा वाकवून केलेला,
मुठीला माझ्या अंगठ्याचा खळगा.
तुला वाटेल, हा तरी माझा.
नाही ग. तुझ्या बोटांना फार घाई.
तो डॅरलला द्यायचा, तेलाची टाकी भरायला येतो त्याला.
फेब्रुवारीत मी चेकबुक शोधत होते,
तो चौकटीपाशी उभा, बूट टपटपत होते जमिनीवर.
त्याने हातमोजा काढला
आणि सात वेढे ओढले गोणपाटातून.
मी पाहिलंच नाही असं दाखवलं.
रात्री उसवायला बसले,
बोट फिरवून बघितलं,
सातही एका उंचीचे.
दिवा मालवून झोपले.

तो नको म्हणेल, कानापर्यंत लाल होईल.
त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर ठेव
आणि वळून घरात ये.
चौकट जड आहे. ती मागाहून स्वतः मागायला येईल तो.
नाही आला, तर नाही आला.

चौकटीवर तेव्हा जे काय असेल ते अर्धंच असेल.
कुणाकडून पुरं करून घेऊ नकोस,
आमच्याकडे सगळे पुरं करायला टपलेले असतात.
कडा तेवढ्या दुमडून टाचून टाक, सुटायला नकोत.

आणि फ्रिजच्या मागे पिशव्यांचं भेंडोळं आहे.
काळ्याच. मीच आणून ठेवलाय सेलमधून.
त्यांत पडदे घाल, औषधं घाल,
एझराची मासेमारीची मासिकं, ती प्लास्टिकची फुलं.
तिथे मुळीच हात आखडू नकोस.