तीन मिनिटांचं भाषण

नगराध्यक्षांनी मला तीन मिनिटं दिली आहेत.
कंपनीला वर्षं झाली शंभर,
म्हणजे एका वर्षाच्या वाट्याला दोन सेकंदसुद्धा नाहीत.
मी इथे हिशेबनीस होते. सवय जात नाही.

राउतिओ म्हणजे आमच्या फिनिश भाषेत लोहार.
बापाने घोड्यांना नाल ठोकले, मग होड्यांचे नांगर घडवले,
मुलाने, वाइनोने, पूल बांधायला घेतले.
त्यानंतर पाण्याचे नळ, सांडपाण्याचे बोगदे, बंदराचा धक्का,
आणि ती टेकडीवरची टाकी. कुरूप आहे, मान्य.
पण गेल्या साठ हिवाळ्यांत
पाणी तिच्यात एकदाही गोठलं नाही.

हे सगळं तुमच्या हातातल्या पुस्तिकेत आहे, फोटोंसकट.
जे छापलं नाही, ते माझ्या वहीत आहे.

सदुसष्टचा फेब्रुवारी. मुस्तयोकी नदीवरचा पूल
जेमतेम चार महिन्यांचा.
दारात इसाक्की कोर्पेला उभा, टोपीवर बर्फ,
तोच नावाडी, ज्याचा तराफा आमच्या पुलाने
कायमचा काठाला लावला होता.
मला वाटलं, भांडायला आलाय.
त्याने कोटातून एक चोपडी काढली:
एकेचाळीस हिवाळे, नदीवरच्या बर्फाची जाडी,
शिसपेन्सिलीने, वितींत आणि बोटांत.
“तुमच्या साहेबांनी दहा वर्षांचा बर्फ धरला,” म्हणाला,
“नदीला त्याच्या आधीचाही आठवतो.”

वाइनोने चोपडी उभ्या उभ्या वाचली.
मग खुर्ची ओढली, पुन्हा वाचली.
अंधारून आलं तरी दिवा लावायचं
कुणाला सुचलं नाही.

त्याच रात्री त्याने स्वतःच्या हाताने
पुलावर आडवी दांडी टाकली.
गाव काय काय बोललं ते इथे नको, मुलं बसली आहेत.
नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत.
वाइनोने बापाने राखलेलं जंगल विकलं,
चाळीस हेक्टर, बर्च आणि पाइन.
मी विचारलं, कारणाच्या रकान्यात काय लिहू?
“चूक.”
कुणाची?
“माझी. शाईने लिही.”

दहा आठवडे माणसं तीन खांबांना पोलादी नाकं जोडत होती,
उणे तीसमध्ये, जिथे ओला हात लोखंडाला लागला
की कातडं तिथेच राहायचं.
तीही नावं पुस्तिकेत नाहीत. माझ्याकडे आहेत:
आर्वो, ते दोघे लेहतोनेन भाऊ, आणि स्वयंपाकाची हिल्या,
जिला जोडाऱ्याइतकाच पगार मिळाला,
कारण तो तिने मागितला.

एप्रिल संपता संपता बर्फ सुटला.
आधी आवाज आला, नदी दात खातेय असा.
मग दाराएवढे, मग अंगणाएवढे तुकडे
खांबांवर चढले, नाकांवर फुटले,
आणि दोन्ही अंगांनी मुकाट्याने निघून गेले.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
उभ्या पुलाची बातमी होत नाही.
महिन्याभराने पुन्हा सात दहाची बस सुरू झाली, एवढंच,
आणि तिच्यात इसाक्कीची नात
डबा विसरला म्हणून रडत बसली होती.

इसाक्कीने बक्षीस नाकारलं, काम मागितलं.
तेव्हापासून वहीत एक खातं:
बर्फ मोजणे, दरमहा, तो गेला त्या महिन्यापर्यंत.
आता ते यंत्र करतं.
हिशेबाला आलेल्या नव्या मुलीने परवा फोन केला,
संगणकात या खर्चाला ‘इसाक्की’ का म्हणतात,
बदलून टाकू का?
म्हटलं, राहू दे गं.

नगराध्यक्ष घड्याळ पाहताहेत.
आभार वगैरे तुम्ही माना, केक कापा.
मला साडेसहाची बस गाठायची आहे,
घर पुलापलीकडे आहे.