वीस आठवडे, चार दिवस

दालकावेच्या दवाखान्यात मी पंचवीस वर्षं
लोकांच्या पोटातलं ओठांवर आणते आहे.
गार जेल, गुळगुळीत दांडा, उजव्या हाताला माउस.
खिडकीखाली ओहोटी लागलेली असते,
होड्या चिखलात कुशीवर कलंडलेल्या.
पडदा ओढला की खोलीत अंधार होतो
आणि सगळे एकाच आवाजात विचारतात,
"दिसलं का?"

तोवर मला बरंच दिसलेलं असतं.
हृदयाचे चार कप्पे उघडमीट करताना.
पाठीचा कणा, माशाच्या काट्यासारखा नीट.
मूत्रपिंडं, घेवड्याच्या दोन बिया.
ते कोणी विचारत नाही.

बाराव्या आठवड्यात मी सांगतच नाही.
तेव्हा तिथे नुसता कोंब असतो,
वर कललेला की आडवा, एवढ्यावरून बोलायचं
म्हणजे ढगाकडे बघून उंट सांगणं.
विसाव्यात सांगते. आणि सांगताना
'बहुतेक' हा शब्द न विसरता उच्चारते.
तो कोणाच्या कानात शिरल्याचं
मला आठवत नाही.

रोसाल्बा वेनचूर आली तेव्हा वीस आठवडे, चार दिवस.
बरोबर एलादिओ, होड्या बांधणारा,
भुवयांवर लाकडाचा भुसा तसाच.
बाळ पाठ फिरवून, पाय दुमडून, रुसल्यासारखं.
रोसाल्बाला कुशीवर वळवलं, खोकायला लावलं,
जिना दोनदा चढून उतरून यायला सांगितलं.
मग क्षणभर पाय उघडले,
आणि मध्ये, स्वच्छ, एक शेपटी.
"मुलगा," मी म्हणाले. "बहुतेक."
एलादिओ इतक्या जोरात उभा राहिला
की दिव्यावर डोकं आपटलं.

पिवळी होडी तयारच होती, बिननावाची.
त्याच संध्याकाळी तिच्या नाकावर
त्यानं निळ्या रंगात वळणदार लिहिलं:
देल्फिनो.

मार्चमध्ये मुलगी झाली.

मी जुनी चित्रं काढून बसले,
रात्रभर वगैरे नाही, अर्धा तास,
मग जेवायला गेले. खोटं कशाला बोलू.
ती नाळ होती.
पोरीनं स्वतःचीच नाळ दोन पायांत धरलेली,
मुलं काठीचा घोडा करतात तशी.
एक बटण दाबलं असतं
तर तिच्यातून वाहतं रक्त लाल-निळं दिसलं असतं.
दाबलं नाही.
बाहेर तिघी ताटकळत होत्या
आणि मला, काय सांगू, खात्री होती.

माफी मागायला मी धक्क्यावर गेले,
म्हणजे शिंपले घ्यायला गेले
आणि तो तिथे होता.
होडीचं नाव खोडलं तर समुद्र तिला ओळखत नाही,
असं त्याचा बाप म्हणायचा.
म्हणून त्यानं काही खोडलं नव्हतं.
शेवटच्या गोल अक्षराला फक्त
उजव्या बाजूनं एक शेपूट जोडत होता.
आमच्या लिपीत एवढ्यानं भागतं,
देल्फिनोची देल्फिना होते.
"ही तुमची शेपटी," ब्रश न उचलता तो म्हणाला,
"जागा चुकली होती."

पहिला निळा डबा संपला होता.
ती शेपटी जरा फिकी आहे, अजूनही.
दुरून वाचणारे मुलगाच वाचतात.

पाच वर्षांनी रोसाल्बा परत त्याच पलंगावर.
एलादिओ दिव्याकडे एक नजर टाकून
खाली वाकूनच बसला.
कोणी काही विचारलं नाही.
मी सगळी बटणं दाबली, जी लागत नाहीत तीसुद्धा.
कोपऱ्यातल्या स्टुलावर देल्फिना,
लोकरीची टोपी, पुढचे दोन दात पडलेले.
तिनं पडद्याकडे बोट केलं,
"त्या दोन बिया कसल्या?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

"मूत्रपिंडं," मी म्हणाले.
"दोन्ही आहेत?"
"दोन्ही आहेत."
पुढचा शब्द तोंडाशी आला होता, सवयीनं.
तो मी गिळला.