सातव्या प्रकरणाची वाट

पुस्तक अजून छापून झालेलं नाही.
प्रकाशकाने फक्त अनुक्रमणिका दिलीय,
ती मी कोल्ड स्टोरेजच्या दारामागे चिकटवली,
उणे अठराच्या पाटीखाली.
दार उघडलं की वाफेत भिजते, लावलं की वाळते.
कोपरे पापडासारखे वळलेत.

गावाचं नाव सूर.
पहिल्या फोनवर आई म्हणाली होती,
चला, तू तरी लागलास सुरात.
इथे भट्टी जमते ती जूनमध्ये,
उन्हाची.

संध्याकाळी होड्या येतात.
मोतालेब लिहितो किंगफिश,
शाजी लिहितो अयकूरा,
हमूदच्या अक्षरात कनद,
आणि मी हर्णैचा,
मासा काट्यावर पडायच्या आत
सुरमई टाइप करून मोकळा.
महिनाअखेर तक्त्यात एका माशाचे चार मासे.
मॅनेजर विचारतो, पावसे, सुरमई एवढी कमी का?
साहेब, तीन रांगा खाली बघा,
तिथे पोहतेय.

रात्री कॉम्प्रेसरच्या घरघरीत
थोडंफार शिकलोय.
फाइल उघडणं, रकाने मोजणं, लूप फिरवणं.
पहिला लूप थांबेचना,
शेवटी शाजीने वायर उपटली.
पण जोडणी जमत नाही.
दोन तक्ते शेजारी ठेवले
की मानपान चुकलेल्या व्याह्यांसारखे
तोंडं फिरवून बसतात.

प्रकरण चौथं : तक्त्यांची जोडणी.
प्रकरण सहावं : एका वस्तूची अनेक नावं.
हे वाचून मी मोठ्याने हसलो.
कुठल्या बर्फाळ देशातली ती लेखिका,
तिला आमची सुरमई कोणी सांगितली?

आणि सातवं : रिकाम्या जागा.
एवढंच. पुढे पानाचा आकडाही नाही.

रिकामं म्हणजे शून्य नव्हे,
एवढं मला पुस्तकाशिवाय कळतं.
शून्य म्हणजे होडी गेली आणि हात हलवत आली.
रिकामं म्हणजे
आली की नाही, हेच कोणी लिहिलं नाही.
अकरा मार्चपासून चार रात्री तशा आहेत.
रजिस्टर तेव्हा इद्रिसकडे होतं.
तो सुट्टीवर गेला तो गेलाच,
कानटोपी अजून खिळ्याला आहे.
मॅनेजर म्हणतो, शून्य भर, विषय संपव.
मी म्हणतो, पुस्तक येऊ दे.

जून म्हणाले, मग सप्टेंबर, आता नोव्हेंबर.
पोस्टातली बद्रिया मला दारात बघूनच मान हलवते.
पेटी दोनशे चौदा, काही नाही.
मी विचारतो, काही नाही की माहीत नाही?
ती हसते,
तिला वाटतं माझी अरबी कच्ची.

आज काट्यावर नवा पोरगा बसलाय, नेपाळचा.
आयुष्यात समुद्र पहिल्यांदा बघतोय.
सुरमई उचलली, फिरवून पाहिली,
आणि रकान्यात लिहिलं :
मोठा मासा.

पाचवं नाव.
सहाव्या प्रकरणाला
दोन पानं जास्त असली तर बरं.