दरी न दिसणारी खोली

मुतगेकर जीपमधून उतरला, हात पसरला:
"बाई, हा व्ह्यू. ह्याच्या खाली गोवाच."
धुकं होतं. मला त्याचा हात तेवढा दिसत होता
आणि हातातल्या मोबाईलवर
डिसेंबरातली दरी.

टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं
मी लोकांना लोकांशी जोडून दिलं.
टिळकवाडीतला फ्लॅट सोडायचं ठरलं तेव्हा
वहीत प्रश्न काढले:
चैत्रात विहीर किती खोल जाते?
चहाच्या टपरीत कप एकाच जातीचे की दोन?
मसणवटी एक, की तीही वाटून घेतलीय?
मुतगेकर हसला. "असलं कोण विचारूलालंय आता?
लोक रेंज विचारत्यात."

एक वसाहत बघितली. फाटकावर रानाचं नाव,
आत रान नव्हतं.
एका फाट्यावर मैलाचा दगड:
गावाच्या नावाला डांबर, डांबरावर चुना,
चुन्यावर पुन्हा डांबर.
अंतर मात्र कुणी पुसलं नव्हतं.
नऊ.
कशापासून नऊ, ते विचारायला
जवळपास माणूस नव्हतं.

मग जुलैत एकटीच कणकुंबीला गेले, बसनं,
खिडकीची काच अर्धी वर न जाणारी.
मुद्दाम जुलैत. डिसेंबरात कुठलंही गाव
पाहुण्यांसाठी केस विंचरून बसतं.
गुंडव्वाच्या टपरीत ओली लाकडं धुमसत होती.
ती सुट्टे पैसे कानडीत मोजायची,
चुलीला शिव्या मराठीत,
मासळीच्या टेम्पोवाल्याशी कोकणी.
"तुझी खरी भाषा कुठली गं?"
कप विसळत म्हणाली, "उधारीची.
ती सगळ्यास्नी कळते."
कप एकाच जातीचे होते. सगळे कानतुटके.

मुतगेकरचा अकरा गुंठ्यांचा तुकडा मला आवडला होता,
खोटं कशाला बोलू.
कोपऱ्यात हिरडा, खाली ओहोळ,
आणि चिखलात बशीएवढे खूर.
"गवं हितनंच पाण्याला उतरत्यात.
कुंपण घातलं की संपलं."
संपलं, हा शब्द त्यानं
विडीचं थोटूक टाकावं तसा टाकला.
माझ्या वहीत सगळ्यात वर लिहिलेलं होतं:
रानाशेजारी राहायचं.
रानाला शेजारी हवाय का,
हा प्रश्न मी काढलाच नव्हता.
इसार परत मागितला. त्यानं निम्मा दिला.

आता रेशन दुकानाच्या मागं
इनास मास्तरांच्या दोन खोल्या भाड्यानं.
भाडं सांगून झालं, मीटर दाखवून झाला,
मग ते चपलेकडं बघत म्हणाले,
"रात्री तुमच्या खोकल्याचा आवाज आला
तर दार वाजवू का?
मागच्या भाडेकऱ्याला आवडत नव्हतं."

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घंटा वाजवल्या,
पण मला उत्तर द्यायला वेळ लागला.
त्यांची छत्री तेवढ्यात
उंबऱ्यावर एक तळं करून मोकळी झाली.
"वाजवा," म्हटलं.

खिडकीतून दरी दिसत नाही.
गुंडव्वाच्या लाकडांची रास दिसते,
तिच्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर कोंबडी.
कपडे चुलीवरच्या मांडवात वाळतात,
मला आता धुराचा वास येतो.
बेळगावच्या बेकरीची आठवण येते, आठवड्यातून दोनदा,
आणि एकदा बस धरून गेलेही, नुसत्या पावासाठी.
त्या तुकड्याजवळ गवे आले होते म्हणतात, सात.
मी पाहिले नाहीत.

परवा रात्री दार वाजलं.
बॅटरी, छत्री, मफलर, मास्तर.
"काही नाही," म्हटलं, "शेंगदाणा अडकला होता."
"बरं," म्हणाले,
आणि तरी बसले.